शेळीच्या गर्भातील हृदय आणि आपली जबाबदारी



बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याखाली आणि उजनी जलाशयालगत ऊस उभा असतो. सुप्याकडील जिरायत पट्ट्यात मात्र पावसाची वाट पाहावी लागते. तेथील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबाला अडीअडचणीत आधार शेळीचाच. करडू दगावले म्हणजे घरची पुंजीच गेली. ते वाचविण्याचे काम त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू होते.

शेळी सुमारे १५० दिवस गाभण असते. गर्भाचे हृदय आरंभी केवळ एक नळी असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते धडधडू लागते. ही नळी वळते, तीत पडदे तयार होतात आणि सुमारे सहा आठवड्यांत दोन अलिंदे व दोन निलये आकार घेतात. म्हणजेच, शेळी गाभण असल्याचे घरच्यांच्या ध्यानी येण्यापूर्वीच ही घडण बहुतांशी झालेली असते. या काळात अल्बेंडाझोलसारख्या जंतनाशकाने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. म्हणून शेळी फळविल्याची तारीख लिहून ठेवावी व पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना औषध पाजू नये.

गर्भाला प्राणवायू वारेतून मिळतो. अलिंदांमधील छिद्रातून व दोन मोठ्या रोहिण्यांना जोडणाऱ्या नलिकेतून बहुतेक रक्त फुफ्फुसांना वगळून वाहते. जन्मानंतर श्वास सुरू होताच हे मार्ग मिटू लागतात. म्हणूनच करडाच्या नाकातोंडातील चिकटा तत्काळ पुसणे अगत्याचे आहे.

गर्भाचे बहुतेक वजन शेवटच्या दीड-दोन महिन्यांत वाढते व त्याबरोबर हृदयही वाढते. हृदयाच्या स्नायुपेशींची संख्या मुख्यत्वे जन्मापूर्वीच ठरत असल्याने तेव्हाची उणीव पुढे सहजी भरून निघत नाही. कार्तिकात फळलेल्या शेळीचा हा काळ फाल्गुन-चैत्रात, ऐन चाराटंचाईत येतो. उसाच्या वाढ्यांत प्रथिने कमी असतात, शिवाय त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. वाळल्या कडब्यात ई जीवनसत्त्व अल्प असते. ते व सेलेनियम कमी पडल्यास करडांच्या हृदयाचा स्नायू दुबळा होऊन ती अचानक दगावतात.

उपाय आवाक्यातील आहेत. शेवटचे सहा आठवडे रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक, खनिज मिश्रण आणि सुबाभूळ, शेवरी वा हादग्याचा हिरवा पाला द्यावा. उस्मानाबादी व संगमनेरी शेळ्यांना पुष्कळदा जुळी करडे होतात. त्यांची अधिक काळजी घ्यावी.

पंचायतींनी बांधांवर व पडीक जमिनीत चाऱ्याची झाडे लावण्यास उत्तेजन द्यावे. शिक्षकांनी मुलांकडून घरच्या शेळीच्या नोंदी ठेवून घ्याव्यात. नोंदवहीतील एक तारीख आणि बांधावरची चार झाडे, एवढ्यानेही गरिबाच्या दारातील अनेक करडे वाचतील.