हांक पोंचली कीं नाहीं?

टपालवाला पत्र टाकून गेला, परंतु त्यानें हांकच मारली नाहीं, तर पत्र दारांत पडून राहतें आणि घरांतील मंडळी 'आज कांहींच आलें नाहीं' असें समजून स्वस्थ बसतात. लिहिणारानें पत्र लिहिलें, टपालखात्यानें तें पोंचविलें. चुकली ती केवळ वर्दी. संगणकाच्या जाळ्यांतील पुष्कळ बिघाड याच जातीचे असतात.

संगणकास जाळ्याशीं जोडणारें जें नेटवर्क कार्ड, तें बाहेरून आलेला मजकूर परभारें संगणकाच्या स्मृतींत नेऊन ठेवतें आणि मग प्रोसेसरला हांक मारतें. या हांकेस 'इंटरप्ट' म्हणतात. हातांतील काम क्षणभर बाजूस ठेवून प्रोसेसर त्या कार्डाच्या ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालविणाऱ्या प्रोग्रामला, पुढें करतो आणि ड्रायव्हर मजकूर उचलतो. वारंवार दाराशीं जाऊन पाहण्याचे श्रम यामुळें वांचतात खरे. परंतु हांक वाटेंत हरवली कीं सारेंच अडतें.

आतां असा प्रसंग कल्पावा. एका कचेरींत नवें कार्ड बसविलें आहे. दिवा लुकलुकतो, तार शाबूत आहे, पण निरोप कांहीं मिळत नाहीं. कांहीं सेकंदांनीं 'पाठवणीची रांग मुदतींत हलली नाहीं' अशा अर्थाची तक्रार लिनक्सच्या रोजनिशींत उमटते. ती वाचून तंत्रज्ञ कार्ड बदलतो. दुसऱ्या कार्डाचीहि तीच गत! कारण 'मजकूर रवाना झाला' ही वर्दीसुद्धां कार्ड इंटरप्टनेंच देतें. ती न मिळाल्यामुळें ड्रायव्हर रांगेंतील जागा मोकळ्या करीत नाहीं आणि रांग भरून थांबते. मजकूर मात्र कदाचित् केव्हांच गेलेला असतो.

अशा वेळीं हातीं पेचकस घेण्यापूर्वीं हिशेब पाहावा. प्रत्येक इंटरप्टची मोजदाद लिनक्स ठेवीत असतें. कार्डापुढील आंकडा टिपून घ्यावा, थोडी वाहतूक करावी आणि आंकडा पुन्हा वाचावा. तो वाढला असेल, तर हांक पोंचत आहे. दोष अन्यत्र शोधावा. तो जागचा हलला नसेल, तर कार्ड हांक मारीत नाहीं किंवा ती वाटेंत हरवते.

ही वाट दोन प्रकारची असते. जुन्या पीसीआय पद्धतींत हांकेसाठीं चारच तारा असत आणि एका तारेवर अनेक उपकरणें नांदत. १९९८ सालच्या पीसीआय २.२ नियमावलीनें दुसरी रीत आणली: तार न हलवितां कार्डानें ठराविक पत्त्यावर एक लहानसा संदेश लिहावा. हिला एमएसआय म्हणतात. कांहीं संगणकांच्या मुख्य फळ्या हा संदेश नीट पोंचवीत नसत. म्हणून दक्ष ड्रायव्हर आरंभींच कार्डाकडून एक चांचणीची हांक मारवून घेतात आणि ती न आल्यास जुन्या तारेकडे वळतात. जेथें ही दक्षता नाहीं, तेथें 'एमएसआय वापरूं नये' अशी आज्ञा देऊन संगणक पुन्हा सुरू करावा. तेवढ्यानें कार्ड बोलूं लागलें, तर अपराधी सांपडला. तो कार्डांत नव्हता, वाटेंत होता.

सामाईक तारेचें दुखणें निराळें. हांक आली कीं प्रत्येक ड्रायव्हरनें 'ही माझी' किंवा 'ही माझी नव्हे' असें तपासून सांगावयाचें असतें. कोणीच ती आपली म्हटली नाहीं, तर ती तशीच चालू राहते. १,००,००० हांकांपैकीं ९९,९०० बेवारशी ठरल्या, कीं लिनक्स ती तारच बंद करतें. मग निर्दोष शेजाऱ्याचेंहि काम खोळंबतें.

हांकांचा अतिरेकहि तितकाच घातक. जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन यांनीं १९९६ सालीं दाखवून दिलें, कीं मजकुराचा लोंढा फार वाढला म्हणजे प्रोसेसरचा सारा वेळ हांकांना ओ देण्यांतच जातो आणि खरें काम शून्यावर येतें. यावरील जो उपाय २००१ सालीं लिनक्सकरितां मांडला गेला, तो मोठा मार्मिक आहे. पहिल्या हांकेसरशीं घंटा बंद करावी, ठराविक मापानें मजकूर उचलीत राहावें आणि दार रिकामें झालें कीं घंटा पुन्हा लावावी. मात्र शेवटचें पत्र उचलणें आणि घंटा लावणें या दोहोंच्या मधल्या निमिषांत एकादें पत्र आलें आणि ड्रायव्हरनें पुन्हा वळून पाहिलें नाहीं, तर तें पत्र पुढची हांक येईपर्यंत तसेंच पडून राहतें. असा दोष हजार वेळां दिसत नाहीं आणि एके दिवशीं ऐन कामाच्या वेळीं दिसतो.

मुकें दिसणारें प्रत्येक कार्ड मुकें नसतें. तें ओरडत असतें, पण त्याचा आवाज कोणाच्या कानीं पडत नाहीं. तें उकिरड्यावर टाकण्यापूर्वीं मोजदादीचा तो एक आंकडा दोनदां वाचण्यास अर्धी घटकाहि लागत नाहीं.