भिगवणचा आकडा



 पुणे जिल्ह्यातल्या या संधिवाततज्ज्ञांच्या परिषदेत दुपारच्या जेवणात उजनी धरणातली चिलापी मासळी आहे. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी ती आपापल्या जबाबदारीवर घ्यावी. आज इथे डॉक्टरांची वाण नाही.

मी स्वागत समितीच्या वतीनं बोलतोय, पण डॉक्टर नाही. एका शिक्षणसंस्थेचा कारभार पाहतो. प्राध्यापकांच्या बढतीच्या फायली माझ्याकडे सहीला येतात आणि हल्ली त्यांत ‘सायटेशन’ (इतरांनी दिलेले हवाले) आणि ‘एच-इंडेक्स’ हे रकाने हमखास असतात. हा एच-इंडेक्स होर्हे हर्श या पदार्थवैज्ञानिकानं २००५ साली सुचवला. तुमच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा इतरांनी हवाला दिला असेल, तर तुमचा निर्देशांक निदान वीस. आम्हा संस्थाचालकांना हा हिशेब फार सोयीचा. एकही निबंध न वाचता माणूस जोखता येतो!

तुमच्या संधिवाताच्या शाखेत तर आणखी गंमत आहे. ज्या निबंधांचे हवाले डोंगराएवढे जमले, त्यांतल्या कित्येकांत औषधाचं नावही नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस कशाला म्हणायचं, याचे अमेरिकी निकष १९८८ साली छापून आले. नंतर २०१० साली नवे निकष येईपर्यंत जो कोणी या आजारावर लिही, तो त्यांचाच हवाला देई. गुडघ्याच्या एक्स-रेची प्रतवारी ठरवणारा केलग्रेन आणि लॉरेन्स यांचा निबंध १९५७ चा. तो अजून चालतो. म्हणजे सायटेशन ही दरवेळी कौतुकाची थाप नसते. पुष्कळदा ती नुसती पोच असते, की तुमचं माप आम्ही वापरलं.

मापाची गोष्ट निघाली की आम्हा इकडच्या लोकांना इंदापूर तालुक्यातलं भिगवण आठवणारच. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाताच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८१ साली कॉपकॉर्ड हा उपक्रम सुरू केला. त्याची रीत गरीब देशांना परवडणारी आहे: महागड्या तपासण्या मागाहून, आधी घरोघर जाऊन विचारा. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये ही रीत भिगवणात राबवली. कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन माणसाच्या छापील आकृतीवर दुखऱ्या जागांच्या खुणा करून घेतल्या. ४,०९२ प्रौढांची पाहणी झाली आणि शंभरांत अठरा जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. त्यातही ऱ्हुमॅटॉइडचे रुग्ण शेकड्यात एकाहूनही कमी; बाकी बहुतेकांची गुडघेदुखी, पाठदुखी, अंगदुखी. हा निबंध २००१ साली आपल्याच देशातल्या फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात आला. परदेशी मासिकाचं वलय त्याला नव्हतं. तरी भारतातल्या सांधेदुखीचं प्रमाण लिहायला बसलेल्याला भिगवणची वाट चुकवता येत नाही.

त्याच परंपरेतली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. गुडघ्याची झीज मोजायला वोमॅक नावाची चोवीस प्रश्नांची कॅनडातली प्रश्नावली आहे. त्यात मोजे चढवताना त्रास होतो का, मोजे काढताना होतो का, बाथटबमध्ये उतरताना-चढताना होतो का, असे प्रश्न आहेत. आता इंदापूर तालुक्यातल्या खुरपणाऱ्या मावशींनी यावर काय सांगावं? त्यांचा गुडघा बोलतो तो उकिडवं बसताना आणि मांडी घालताना. डॉ. चोप्रांच्या पुण्यातल्या संधिवात केंद्रानं ही प्रश्नावली आपल्या राहणीला जुळवून घेतली आणि औषधांच्या चाचण्यांत वापरली. याच गटाच्या पुढाकारानं ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक औषधांची डबल-ब्लाइंड चाचणी झाली, तिचा निबंध २०१३ साली ऑक्सफर्डच्या ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’त आला. औषधं उपयोगी पडली हे त्यात आहे, आणि काहींचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतलं एक माप, वाढलं हेही आहे. आयुर्वेदाच्या बाजूनं बोलणारे दुसरं वाक्य सहसा गाळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अशा कामाला एच-इंडेक्सच्या रकान्यात न्याय मिळतो का? माझं मत, निम्माच. हवाले मोजताना निबंधाचा वाचक धरला जातो. ज्यांच्या सांध्यांवर खुणा झाल्या, ती माणसं त्या मोजणीत कुठेच नसतात. कॉपकॉर्डनं हे ओळखलं होतं, म्हणून तर पाहणीनंतरचा टप्पा त्यांनी लोकशिक्षणाचा ठेवला.

तेव्हा यजमान म्हणून एक मागणं. या दोन दिवसांत ज्यांचे निबंध महाराष्ट्रातल्या रुग्णांवर आधारलेले आहेत, त्यांनी एका पानाचा मराठी गोषवारा लिहून द्यावा. त्या-त्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामपंचायतीत तो लावायची व्यवस्था आम्ही करू. छपाईचा खर्च स्वागत समितीचा. नावं नोंदणीच्या टेबलावर द्यावीत, आणि कृपया जेवणाआधी द्यावीत.