नळीतली गाडी आणि हवेचा अडसर

कोलकात्यातील एस्प्लनेड म्हटले म्हणजे शहीद मीनार, विस्तीर्ण मैदान आणि चौरंगीवरची वर्दळ डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु या गजबजाटाच्या पोटात दोन भुयारी रेल्वेमार्गांची गाठ पडते, हे त्या ठिकाणाचे आजचे खरे वैशिष्ट्य होय. भारतातील पहिली भुयारी शहरी रेल्वे 24 ऑक्टोबर 1984 रोजी येथूनच भवानीपूरकडे निघाली. या जुन्या मार्गाच्या फलाटावर उभ्या असलेल्या उतारूला गाडी दिसण्यापूर्वीच तिची वर्दी मिळते. काळोखातून वाऱ्याचा झोत येतो, पदर फडफडतात, आणि मागाहून दिवे दिसू लागतात. हा वारा येतो कोठून? पिचकारीचा दट्ट्या पुढे सरकला म्हणजे पाणी जसे ढकलले जाते, तशीच भुयारातील हवा गाडीपुढे ढकलली जाते. नळीतून अतिवेगाने वाहन नेता येईल काय, या आज जगभर चर्चिल्या जाणाऱ्या प्रश्नाचे मर्म या एका झोतात आहे.

नळीतून गाडी नेण्याचे स्वप्न या शहराला नवे नाही. हार्ले डॅलरिंपल-हे या ब्रिटिश अभियंत्याने 1921 साली हुगळीखालून जाणाऱ्या रेल्वेचा आराखडा मांडला होता. पैशाअभावी तो कागदावरच राहिला. नदीखालून हावडा मैदान ते एस्प्लनेड ही गाडी प्रत्यक्षात धावू लागण्यास मार्च 2024 उजाडावे लागले. पात्राखालचे सुमारे 520 मीटर अंतर ती 45 सेकंदांत तोडते, म्हणजे वेग ताशी सुमारे 42 किलोमीटर. अमेरिकेत एलॉन मस्क यांनी 2013 साली ‘हायपरलूप’ या नावाने ज्या वाहनाची कल्पना मांडली, त्याचा वेग ताशी 1200 किलोमीटर धरला होता. ते वाहन हुगळी दोन सेकंदांच्या आत ओलांडील.

मग अधिक जोरकस यंत्र बसवले म्हणजे काम भागेल काय? तसे होत नाही. वेग दहापट झाला की हवेचा विरोध शंभरपट होतो, आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ती हजारपट. शिवाय उघड्या मैदानात हवा चहूकडे सरकू शकते. नळीत तिला गाडी आणि भिंत यांमधल्या फटीतूनच मागे जावे लागते. गाडीने नळीचा निम्मा छेद व्यापला असेल, तर ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या सुमारास त्या फटीतील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला जाऊन भिडतो. त्यापुढे फटीतून अधिक हवा जाऊ शकत नाही. ती गाडीपुढे तुंबत राहते. अभियंते या अडसराला कँट्रोविट्झ मर्यादा म्हणतात.

यावर उपाय म्हणून नळीतील हवाच काढून घ्यावी, असे सुचवले जाते. मस्क यांच्या आराखड्यात नळीतील दाब बाहेरच्या दाबाच्या हजाराव्या हिश्शाइतका होता. हवा विरळ केल्याने विरोध कमी होतो खरा, पण फटीची मर्यादा हटत नाही. म्हणून पुढची हवा ओढून मागे सोडणारा पंखा वाहनाच्या नाकाशीच बसवावा, असे त्यात म्हटले होते. विरळ हवेची किंमतही थोडी नाही. बाहेरचे वातावरण नळीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा भार घालते. कोठेही एक सांधा निसटला, तर हवा आत घुसते. इंग्लंडमध्ये ब्रूनेल यांनी वातदाबावर चालवलेली रेल्वे 1848 साली, वर्षभरातच, बंद पडली. रुळांमधील नळीच्या फटीवरील चामड्याची झापड हवाबंद राहीना, हे त्याचे मुख्य कारण होते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुणे-मुंबई हायपरलूपची पायाभरणी फेब्रुवारी 2018 मध्ये झाली होती. आता तेथील भूमीचा विचार करावा. दीडशे किलोमीटर लांबीची पोलादी नळी तापमानात 40 अंशांचा फरक पडताच सुमारे 70 मीटर लांबते. ती वाढ हवाबंद सांध्यांतूनच सामावून घ्यावी लागते. ताशी हजार किलोमीटर वेगात उतारूवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढाच आडवा रेटा यावा असे ठरवले, तर वळणाची त्रिज्या सुमारे 40 किलोमीटर धरावी लागते. खंडाळ्याच्या घाटात असे वळण बसवावयाचे, तर डोंगर पोखरण्यावाचून गत्यंतर नाही. प्रकल्प हाती घेऊ पाहणाऱ्या कंपनीने 2020 साली नेवाडात दोन माणसांना 500 मीटरच्या नळीतून ताशी सुमारे 172 किलोमीटर वेगाने नेले. 2023 च्या अखेरीस ती कंपनीच बंद झाली. मद्रास आयआयटीने मात्र 422 मीटरची चाचणी-नळी उभारून प्रयोग चालू ठेवला आहे, आणि तो स्वागतार्ह आहे.

परंतु शक्य असणे वेगळे आणि परवडणे वेगळे. मस्क यांच्या आराखड्यात एका वाहनात 28 उतारू होते. दर तीस सेकंदांनी एक वाहन सोडले, तरी तासाला 3360 माणसे जातात. हुगळीखालच्या गाडीत एकावेळी सुमारे दोन हजार माणसे मावतात. म्हणजे तिच्या दोन फेऱ्यांनी ती संख्या ओलांडली जाते.

आणि नळीचा हिशेब नळीच्या आतच संपत नाही. 31 ऑगस्ट 2019 च्या रात्री एस्प्लनेडहून सियालदहकडे बोगदा खणणाऱ्या यंत्राने बहूबाजारच्या भूगर्भातील पाण्याचा साठा फोडला. माती सरकली, घरे खचली, आणि शेकडो माणसांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. त्या टप्प्यावरून गाडी धावू लागण्यास 22 ऑगस्ट 2025 उजाडला. ताशी चाळीस किलोमीटरच्या गाडीसाठी माती आणि पाणी एवढा हिशेब मागतात. हजार किलोमीटरच्या गाडीसाठी त्यांत हवेच्या हिशेबाची भर पडेल. तेव्हा अशी योजना पुढे आली म्हणजे तिचा वेग किती, एवढे विचारून थांबणे बरे नव्हे. ती किती माणसांना नेईल, सांधा सुटला तर आतल्यांना बाहेर कसे काढील, आणि वरच्या घरांचे काय होईल, ही उत्तरे पहिली कुदळ पडण्यापूर्वीच मागून घ्यावयास हवीत.