नाताळचं झाड आणि एक तांब्या पाणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी सगळी नोकरी विजेच्या कामात गेली. मीटर, फ्यूज, वायरिंग यांतच केस पांढरे झाले. त्यामुळे आग लागते ती निष्काळजी माणसांच्या घरी, असं मी मनात धरून चाललो होतो. जानेवारी २०१८ मध्ये तो समज गेला, आणि जाताना माझ्या लेकीचा दिवाणखाना घेऊन गेला.

आम्ही दोघं तेव्हा मुलीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला होतो. गंमत बघा, ज्यांच्या नावाचं हे गाव, त्या एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनीच १८८२ साली न्यूयॉर्कच्या आपल्या घरात नाताळच्या झाडावर विजेचे ८० दिवे लावले होते. त्याआधी लोक झाडावर चक्क पेटत्या मेणबत्त्या लावत.

सात वर्षांच्या नातीनं हट्ट धरला, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावयांनी खरं झाड आणलं. फ्रेझर फर, माझ्याहून हातभर उंच. घरभर काय सुंदर वास सुटला! विकणाऱ्यानं बुंध्याची इंचभर चकती कापून दिली आणि बजावलं, ‘घरी गेल्याबरोबर पाण्यात ठेवा.’ कापलेल्या बुंध्यावर काही तासांत चीक सुकतो आणि मग झाड पाणी ओढत नाही. झाडाच्या स्टँडलाच पाण्याचं भांडं असतं. पहिल्या दिवशी ते झाड जवळजवळ चार लिटर पाणी प्यायलं. रोज पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. रिकामटेकड्या आजोबांना आणखी काय काम देणार?

पंचवीस तारखेपर्यंत मी ते नेमानं केलं. पुढे सण संपला. गणपती गेल्यावर आपण मखराकडे बघतो का? तसंच झालं. मधे तीन दिवस बोस्टनला नातेवाइकांकडे गेलो. परतल्यावर गालिच्यावर सुयांसारख्या पानांचा सडा पडला होता. सौ.नं झाडून घेतला. मी म्हटलं, कापलेलंच झाड ते, गळायचंच. थंडीत तिकडे घर रात्रंदिवस गरम ठेवतात, त्या कोरड्या हवेत झाड पापडासारखं वाळतं, हे कळत असूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

सहा जानेवारीची संध्याकाळ. आम्ही सगळे स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. बाहेरून लवंगी फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज आला. उठून बघतो तो झाडाच्या खालच्या फांदीला आग. माझ्या पायांनी आपोआप नळ गाठला. पातेलं भरून वळलो, तेवढ्यात ज्वाळा छताला लागल्या होत्या आणि काळा धूर खाली उतरत होता. तरीही मी पातेलं घेऊन पुढे निघालो होतो! मुलीनं मागून सदरा धरून ओढलं. “बाबा, टाका ते पातेलं! आधी बाहेर!” जावयांनी दिवाणखान्याचं दार ओढून घेतलं, नातीला उचललं आणि मागच्या दारानं आम्ही बर्फात उभे राहिलो. फोन बाहेरून केला. ते दार बंद झालं म्हणून स्वयंपाकघर बरंचसं वाचलं.

पुढे मी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेची चित्रफीत पाहिली. वाळलेल्या झाडाला ठिणगी दिली की मिनिटभराच्या आत अख्खी खोली पेटते. रोज पाणी मिळालेलं झाड सहजी पेटतच नाही. अशा आगी तिकडे वर्षाला साधारण दीडशे. म्हणजे फार नाहीत, पण लागतात तेव्हा माणसं घेऊन जातात. मेरीलँडमधल्या ॲनापोलिसजवळ जानेवारी २०१५ मध्ये एका मोठ्या घरात वाळलेलं झाड विजेच्या दोषानं पेटलं आणि आजी-आजोबांसह चार नातवंडं गेली. ही बातमी मी आमच्या आगीनंतर वाचली. रात्रभर झोप लागली नाही.

तपासाला आलेल्या अधिकाऱ्यानं दिव्यांच्या माळेची वायर दाखवली. सोफ्याच्या पायाखाली दबून तिचं आवरण फाटलं होतं. मग त्यानं सहज विचारलं, ‘झाडाला शेवटचं पाणी कधी घातलं?’ सगळे गप्प. मी म्हणालो, “ते माझ्याकडे होतं. पंचवीस तारखेनंतर नाही.” त्यानं लिहून घेतलं. मुलगी मला मराठीत म्हणाली, “बाबा, माळ आमची जुनी होती.” त्यानंतर तिनं हा विषय कधी काढला नाही. मीच काढतो.

तर ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी फोनवर एवढं जरूर सांगावं. झाड शेकोटी आणि हीटरपासून निदान तीन फूट लांब असावं, दाराच्या वाटेत नसावं. माळा एलईडीच्या घ्याव्यात, त्या फारशा तापत नाहीत. झोपताना आणि घराबाहेर पडताना दिवे बंद. धुराच्या अलार्मचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. आणि पानं गळायला लागली की सण असो वा नसो, झाड घराबाहेर.

आग विझल्यावर सगळं संपलं असं वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. अग्निशमन दलानं परवानगी देईपर्यंत आत जायचं नाही. विमा कंपनीला त्याच रात्री कळवलं, त्यांनी माणसं पाठवून फुटक्या खिडक्यांना फळ्या ठोकून घेतल्या. आम्ही हॉटेलात गेलो. तिथलं राहणं, जेवण, प्रत्येक पावती मुलगी एका पाकिटात टाकत होती. ती पुढे कामी आली.

दुसऱ्या दिवशी सौ.नं घरच्या सवयीनं ओलं फडकं घेऊन भिंत पुसायला घेतली. काजळी आणखी पसरली आणि डाग आत मुरला. साफसफाईवाल्यांनी हात जोडले. काजळी आधी कोरड्या स्पंजनंच काढायची असते, आणि घर गरम करायची यंत्रणाही चालू करायची नाही, नाहीतर ती घरभर फिरते. धग लागलेलं अन्न टाकलं, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्याही टाकल्या, बाटली बंद होती तरी. भिजलेले लग्नाचे फोटो मात्र पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले. गोठवले की बुरशी धरत नाही, सवडीनं सोडवता येतात. माझा पासपोर्ट पाण्यानं लगदा झाला होता. त्यासाठी पोलिसांत नोंद करून न्यूयॉर्कच्या वकिलातीत खेटे घातले.

विम्यासाठी गेलेल्या वस्तूंची यादी करायची होती. दिवाणखान्यात काय काय होतं हे रोज तिथे बसणाऱ्यालाही आठवत नाही! शेवटी नातीच्या वाढदिवसाचे फोटो उपयोगी पडले. केक कापणाऱ्या मुलांच्या मागे टीव्ही, कपाट, पंचधातूची समई, सगळं दिसत होतं. हे तुम्ही आजच करा. मोबाइल घेऊन घरभर फिरा, कपाटं उघडून चित्रण करा आणि ते घराबाहेरच्या कोणाकडे पाठवून ठेवा.

आपल्याकडे वसईत पूर्वी सुरूची फांदी आणून सजवत, आता बहुतेक प्लास्टिकची झाडं आहेत. पण गव्हाणीच्या देखाव्यात खरा वाळका पेंढा असतो आणि त्यातच बल्ब! तिथे लक्ष ठेवा. आग दिसली तर १०१ किंवा ११२. आणि घराचा विमा असेल तर तो उघडून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात घराबरोबर घरातल्या सामानालाही ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षण आहे. नुसती कर्जापुरती पॉलिसी असेल, तर सामानाचं काय, हे विचारून घ्या.

मे महिन्यात आम्ही परत निघालो तेव्हा भिंतींना रंग लागत होता. नात बरेच दिवस दिव्याचं बटण लावायला घाबरायची. टोस्ट करपून अलार्म वाजला तरी रडत बाहेर पळायची. त्या डिसेंबरला मात्र तिनंच पुन्हा झाड मागितलं. मुलीनं खरंच आणलं. पाणी घालायचं काम नातीकडे होतं, आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर ती रोज फुली मारायची. मी पुण्याहून फोन केला की आधी तेच विचारायचो. तीन जानेवारीला टाउनशिपची गाडी येऊन झाड घेऊन गेली.