हुकलेली परीक्षा



परीक्षेंत नापास झालेल्या विद्यार्थ्याविषयीं पुष्कळ बोललें जातें. परीक्षेस बसतांच न आलेल्या विद्यार्थ्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. पहिल्याचा अभ्यास कमी पडलेला असतो. दुसऱ्याचा अभ्यास पुरा झालेला असतो. फक्त तो नेमल्या वेळीं नेमल्या खोलींत नसतो. निकालाच्या कागदावर मात्र दोघांचीही गणना न उतरलेल्यांतच होते. आज मला या दुसऱ्याची बाजू आपणांपुढें मांडावयाची आहे. आणि ज्या जिल्ह्यांत जून ते सप्टेंबर नद्या, घाट आणि दरडी यांच्या मर्जीनें प्रवास करावा लागतो, त्या रत्नागिरी जिल्ह्यांतील श्रोत्यांना ती सहज पटेल असें वाटतें.

१८७५ सालची गोष्ट. दापोली तालुक्यांतील मुरूड गांवचा एक मुलगा सरकारी नोकरीस लागणाऱ्या परीक्षेकरितां घरून निघाला. ही परीक्षा विद्यापीठाची नव्हती; पण गरीब घरच्या मुलाच्या दृष्टीनें तिचें मोल विद्यापीठाच्या परीक्षेहून कमी नव्हतें. दिवस पावसाचे, समुद्रमार्गाचा भरंवसा नाहीं. तेव्हां साताऱ्याचें केंद्र गांठण्यासाठीं तो आपल्या सोबत्यांसह सह्याद्रि ओलांडून पायीं गेला. अंतर सुमारें ११० मैल. तेथें पोंचल्यावर परीक्षा समितीच्या अध्यक्षांनीं त्याच्याकडे पाहिलें आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, असें म्हणून त्याला परत लावलें. मुलाचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. म्हणजे सतरा वर्षें पुरीं झालेलीं होतीं. अंगानें लहानखोर, एवढाच काय तो अपराध! पुढच्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन त्यानें तीच परीक्षा दिली व तींत तो उत्तीर्ण झाला.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. ते मॅट्रिक झाले १८८१ सालीं, बी. ए. झाले १८८४ सालीं, आणि १९१६ सालीं त्यांनीं स्वतःच एक विद्यापीठ स्थापन केलें. पुढें ते महर्षि झाले, आत्मवृत्त लिहिते झाले, म्हणून ही हकीकत आपणांस ठाऊक आहे. तशाच रीतीनें दारावरून परत फिरलेले, आणि दुसऱ्या वर्षीं पुन्हां निघण्याइतके पैसे किंवा उमेद घरांत न उरलेले असे कितीजण असतील, त्यांचें आत्मवृत्त कोणी लिहिलेलें नाहीं.

त्यानंतर जवळजवळ दीडशें वर्षांनीं, २०२१ च्या जुलैंत, चिपळूण शहर पुराखालीं गेलें. याच सुमारास अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेचे दिवस होते. २५ व २७ जुलैला ज्यांना केंद्रावर पोंचणें शक्य होणार नाहीं, अशा रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, सातारा व पालघर येथील उमेदवारांना पुन्हां संधि दिली जाईल, असें केंद्र सरकारनें परीक्षेच्या आधींच जाहीर केलें. पाऊस हेंच कारण पुरेसें मानलें गेलें. हा फरक लहान नव्हे. १८७५ सालीं एका गृहस्थाची नजर निर्णायक ठरली. २०२१ सालीं वस्तुस्थिति निर्णायक ठरली.

परंतु पूर मोठा असला म्हणजे तो सर्वांना दिसतो. अडचण लहान असली, एकट्याची असली, म्हणजे खरी परीक्षा नियमाची होते. नापास झालेल्यांसाठीं आतां पुष्कळ सोयी आहेत. दहावीच्या मुलांसाठीं २०१५ पासून जुलैंत फेरपरीक्षा होऊं लागली व त्याच वर्षीं अकरावींत जाण्याची वाट मोकळी झाली. ज्याला आपण सर्वजण 'एटीकेटी' म्हणतों, ती सवलत तर घरोघर परिचित आहे. गैरहजर राहिलेल्यांसाठीं मुंबई विद्यापीठाच्या श्रेयांक पद्धतीच्या नियमांत जादा परीक्षेची तरतूद करण्यांत आली. आजारपण, खेळाचे सामने, राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, आणि प्राचार्यांचें समाधान होईल असें दुसरें एखादें सबळ कारण. या शेवटच्या शब्दांत सारें कांहीं येतें, आणि कधीं कधीं कांहींच येत नाहीं.

मी स्वतः एका महाविद्यालयांत परीक्षेचें काम पाहत असें. एके वर्षीं एक मुलगा अर्ज घेऊन आला. रात्रीं वाटेवर झाड पडल्यामुळें त्याच्या गांवची पहांटेची एस. टी. आली नव्हती, तो चालत मोठ्या रस्त्यापर्यंत आला, आणि पोंचला तेव्हां पेपर संपत आला होता. आमच्या कचेरींतील गृहस्थ त्याला चांगल्या मनानें म्हणाले, "अरे, डॉक्टरचा दाखला आण, म्हणजे काम होईल." मुलगा म्हणाला, "पण सर, मला ताप नव्हता." तो दाखला त्यानें आणला नाहीं. त्याच आठवड्यांत तापाचे चार दाखले माझ्या टेबलावर आले आणि चारही मान्य झाले. त्याच्या अर्जावर 'कारण नियमांत बसत नाहीं' असा शेरा मारून खालीं सही करणारा मीच होतों. त्या सहीचें मला अजून वाईट वाटतें.

यावर एक आक्षेप घेण्यांत येतो, व तो पोकळ नाहीं. दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावयाची म्हणजे दुसरी प्रश्नपत्रिका आली. ती सोपी निघाली तर वेळेवर आलेल्यांवर अन्याय, आणि अधिक दिवस अभ्यासास मिळाले हा निराळाच लाभ. खरें आहे. पण हा सारा लाभ तापाचा दाखला आणणारासही मिळतच असतो. त्या वेळीं हा आक्षेप कोणी काढीत नाहीं. दुसरी गोष्ट वेळेची. फेरपरीक्षा निकालानंतर लौकर झाली तरच वर्ष वांचतें. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिलेच निकाल कित्येक आठवडे लांबले. निकालच जेथें अडला, तेथें पुढील प्रवेशाची वाट पाहणाऱ्या मुलांनीं काय करावें?

माझें मागणें अगदीं लहान आहे. एस. टी.ची फेरी रद्द झाली तर आगारांत त्याची नोंद होते. रस्ता बंद झाला तर तहसील कचेरीस तें ठाऊक असतें, गाडी अडली तर रेल्वेच्या स्टेशनमास्तरला ठाऊक असतें. या नोंदीचा उतारा डॉक्टरच्या दाखल्याइतकाच ग्राह्य धरावा, एवढी एक ओळ नियमांत स्पष्ट शब्दांनीं घालावी; ती प्राचार्यांच्या समाधानावर सोडूं नये. प्राचार्य बदलतात. आणि हा उतारा मिळविण्यासाठीं मुलाला चार खेपा घालाव्या लागूं नयेत; महाविद्यालयानेंच आगाराला फोन करून विचारावें. आमच्या कचेरींत त्या दिवशीं फोन होता. तो उचलावा, असें माझ्या मनांत आलें नाहीं.