कोंडीत मागं कुणी सरायचं?

(एकोडी येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईला गोदीत माल उचलतो. कविता त्यानंतर. आज कवितेचं नाही, ट्राफिकचं बोलतो. तुम्ही म्हणाल, एकोडीत कसली आली ट्राफिक! रस्त्यात म्हैस बसली तर तेवढीच. पण 'राजकीय कोंडी' हा शब्द पेपरात वाचता ना? तो शब्द त्यांनी रस्त्यावरूनच उचलला. अन् अर्धाच उचलला.

चौकात कोंडी कशी होते? नुसत्या गाड्या वाढल्या म्हणून नाही होत. पुढं जागा नाही हे दिसत असून ट्रेलरवाला चौकात नाक घुसवतो. आडव्या रस्त्याचा टँकर म्हणतो, मी काय कमी? तोही घुसतो. चारी अंगांनी घुसले की कुणाचंच चाक हलत नाही. कुणीतरी मागं घेतल्याशिवाय सुटका नाही. मग हवालदार येतो. ट्रेलरला तो बोलत नाही. त्याची काठी वाजते हातगाडीवर. "ए, पीछे ले!" हातगाडी बिचारी कडेला उभी. तिनं कुणाला अडवलेलं नसतं. पण मागं तीच जाते. भरल्या हातगाडीला मागं घेणं काय असतं ते छातीला विचारा.

हे उरलेलं अर्धं पेपरात येत नाही.

आता नामांतर घ्या. 27 जुलै 1978. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत पास. रस्ता मोकळा झाला म्हणता? मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा खून झाला. सरकार म्हणालं, वातावरण निवळू द्या. 1979 ला दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च निघाला, आपल्या विदर्भातली माणसं पायी निघाली औरंगाबादकडं. नोव्हेंबर 1993 ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. मग 14 जानेवारी 1994 ला नाव लागलं. पण मराठवाडा हा शब्द कायम ठेवून. नामांतर नाही, नामविस्तार! ठरावाच्या वेळी मुख्यमंत्री शरद पवार, नाव लागलं तेव्हाही शरद पवार. मधे साडेपंधरा वर्षं.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. जुने कार्यकर्ते म्हणतात, पोरा, मिळालं ते कमी नाही. खरं आहे. मीही त्या गेटवर माथा टेकवून आलोय. पण हातगाडी मागं घेतली गेली ती गेलीच, हे बोलायला काय हरकत आहे?

आता दुसरी कोंडी बघा. 2019. 24 ऑक्टोबरला निकाल लागले, सरकार बनेना. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट. पेपरवाल्यांचा जीव कासावीस. अन् 23 नोव्हेंबरला दिवस उजाडायच्या आत राजवट उठते, सकाळी शपथविधी! म्हणजे खुर्चीसाठी दिल्लीचा सिग्नल अंधारात हिरवा होतो. तो शपथविधी फार टिकला नाही, 28 नोव्हेंबरला दुसरं सरकार आलं. ते सोडा. सगळी कोंडी महिना-सव्वा महिन्याची.

आपण मात्र रास्ता रोको करायला हायवेवर बसलो की लगेच अॅम्ब्युलन्सची आठवण. अॅम्ब्युलन्सला वाट द्यायचीच, त्यात वाद नाही. पण सभागृहात फाईल आडवी टाकून बसलेल्याला कुणी विचारतं का, तुझ्यामागं कोण तडफडतंय?

ही कोंडी जुनी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात 4 ऑगस्ट 1923 ला झाला. महाड नगरपालिकेनं 1924 ला तळं खुलं केलं, कागदावर. तळ्यावर जायची वाट बंदच. तीन वर्षं कुणी मागं हटेना. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब पुढं अन् मागं हजारो माणसं, रांगेनं चालत तळ्यावर गेली, पाणी प्याली. परतताना डोकी फुटली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला 17 मार्च 1937 ला.

दहा वर्षं थांबून कुणी तळ्याकडं निघालं नव्हतं.

बस. आता तुम्ही बोला, मी ऐकतो. जयभीम.