डिकीवरचा पंख

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सर्वसाधारण सभेत 'इतर विषय' या सदरात एक तक्रार आली होती, ती आपल्याला आठवत असेल. पार्किंगमधल्या एका जुन्या सेदान गाडीच्या डिकीवर 'विमानासारखं काहीतरी' बसवलं आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा कोपरा लागतो, अशी ती तक्रार. गाडी माझ्या नातवाची. आणि कोपरा लागलेली पहिली व्यक्ती मीच. कपाळावर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला अनुभवाने मिळालेला आहे, असं समजायला हरकत नाही.

नातू इंजिनिअर आहे, नोकरी करतो आणि सुट्टीत ट्रॅकवर गाडी पळवतो. रस्त्यावर नव्हे, हे मुद्दाम सांगतो. कोइमतूरजवळ करिवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक आहे, तिथे गाडी ट्रेलरवरून नेतात. दीड वर्षापूर्वी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आबा, चोवीस हजार रुपये हवेत. विंग घ्यायची आहे." आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस मी. म्हटलं, "आधी समजावून सांग, मग चेक."

त्याने जे समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. पुष्कळ गाड्यांच्या मागे एक पट्टी असते, तिला स्पॉयलर म्हणतात. ती गाडीच्या अंगाला चिकटलेली असते आणि वाहत्या हवेला अडवते, वळवते. विंग वेगळी. तिच्या वरूनही हवा जाते आणि खालूनही. विमानाचा पंख उलटा करून लावला, की तो वर उचलण्याऐवजी खाली दाबतो. त्या दाबाने मागची चाकं रस्त्याला घट्ट धरतात आणि वळणावर गाडीची शेपटी सुटत नाही.

मी विचारलं, "मग डिकीत सिमेंटचं पोतं ठेव की! चोवीस हजार वाचतील." तो हसला. पोत्याचं वजन चाकांना दाबतं खरं, पण वळताना ते पोतंही वळवावं लागतं आणि ब्रेक मारताना थांबवावंही लागतं. हवेचा दाब नुसता दाबतो, त्याचं ओझं वाहावं लागत नाही. हा मुद्दा मला पटला.

मग मी आकडे मागितले. दीड मीटर लांब, पंचवीस सेंटीमीटर रुंद पंख. ताशी ६० किलोमीटरला त्याचा दाब साधारण साडेसात किलो, म्हणजे दळणाचा एक डबा. १०० ला एकवीस किलो. १५० ला सत्तेचाळीस. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. चक्रवाढ व्याज शिकवायला मला इतकं चांगलं उदाहरण कधी मिळालं नव्हतं. अर्थात पंख हवेला अडवतोही. दीडशेच्या वेगाला इंजिनाची तीन-चार अश्वशक्ती नुसती त्यातच खर्च होते. हळू वळणावर पंखाचा उपयोग शून्याच्या जवळ, त्यामुळे गावातल्या रस्त्यावर तो निव्वळ शोभेचा.

चेक दिला. पंख आला, डिकीच्या झाकणाला चार बोल्टांनी बसला, आणि स्वारी कोइमतूरला गेली. दुसऱ्या दिवशी रात्री फोन आला, आवाज पडलेला. ट्रॅकवर सोडण्याआधी गाडी तपासतात. तपासणाऱ्या गृहस्थाने पंखावर दोन्ही हात ठेवून शरीराचा भार टाकला, तर झाकणाचा पत्रा तव्यासारखा आत गेला. परवानगी नाही. एवढं अंतर जाऊन गाडी ट्रेलरवरच राहिली.

तो चिडला होता. मीही आधी त्याचीच बाजू घेतली. मग त्याने, म्हणजे पोराने स्वतःच, मला १९६९ सालची बार्सिलोनाची हकिकत सांगितली. मोंजुईकच्या रस्त्यांवर स्पॅनिश ग्रां प्री चालू होती. लोटस कंपनीच्या दोन गाड्या, ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट हे चालक. त्या काळी पंख काठ्यांसारख्या बारीक दांड्यांवर उंच उभे करत. रस्त्यावरच्या उंचवट्यावर आधी हिलचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. काही फेऱ्यांनी त्याच जागी रिंटचाही पंख मोडला आणि तो हिलच्या मोडक्या गाडीवरच जाऊन आपटला. हिल सुखरूप राहिला, रिंट जखमी झाला. पंख मोडला म्हणजे नुसता पंख जात नाही. ज्या दाबाच्या भरवशावर चालक वळणात शिरलेला असतो तो दाब त्या क्षणी नाहीसा होतो. दोन आठवड्यांनी मोनॅकोच्या शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली.

हे ऐकल्यावर त्या अनोळखी तपासनीसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

मग आपल्या आवारात जे झालं ते पुष्कळांनी गॅलरीतून पाहिलं आहे. झाकणाच्या आतून जाड पट्ट्या टाकल्या आणि पंखाचे पाय डिकीतून खाली गाडीच्या मूळ सांगाड्याला जोडले. १९६६ साली टेक्सासच्या जिम हॉलने आपल्या चॅपरल गाडीचा पंख थेट मागच्या चाकांच्या आधारांवरच उभा केला होता, म्हणजे दाब गाडीच्या अंगावर न येता सरळ चाकांवर. आमच्या गाडीत ते जमणारं नव्हतं, पण तत्त्व तेच, भार कुठे जातो ते आधी बघायचं. पंखावर रद्दीच्या गादीचे तुकडे घातले आणि त्यावर पंचवीस किलोच्या तांदळाच्या चार गोण्या पसरून ठेवल्या. शंभर किलो, म्हणजे लागणाऱ्या भाराच्या दुपटीहून थोडं जास्त. रात्रभर. सकाळी पत्रा जागच्या जागी होता. तांदूळ घरी खाल्ला, कुणी शंका घेऊ नये.

पुढच्या खेपेला गाडी तपासणीत पास झाली, आणि नवीनच दुखणं निघालं. वेगाच्या वळणावर शेपटी शांत, पण नाक बाहेर जायला लागलं. कारण पंख मागच्या चाकांच्याही मागे असतो. सी-सॉच्या एका टोकाला दाबलं की दुसरं टोक उचलतं, तसं दीडशेच्या वेगाला पुढच्या चाकांवरचे दहा-बारा किलो कमी होतात. आणि ही गाडी ओढणारी आणि वळवणारी दोन्ही कामं पुढचीच चाकं करतात! पंखाचा कोन कमी केला आणि पुढच्या बंपरखाली प्लायवूडची ओठासारखी पट्टी बसवली, तेव्हा ताळेबंद जुळला. कोन जास्त म्हणजे दाब जास्त, हाही गैरसमज निघाला. एका मर्यादेनंतर हवा पंखाच्या खालच्या अंगाला धरून वाहतच नाही, सुटते. ते दिसावं म्हणून त्याने खाली लोकरीचे तुकडे चिकटवले होते. लोकर माझ्या पत्नीची, न विचारता नेलेली.

सगळं करून फेरीमागे सात दशांश सेकंद वाचले. मी म्हटलं, एवढ्या खर्चात एवढंच? तो म्हणाला, "आबा, सेकंद सोडा. आता त्या लांब वळणात हात घट्ट धरावे लागत नाहीत." तेव्हापासून मी वेळ विचारत नाही.

आता तक्रारीकडे येतो, कारण ती रास्त होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. हा पेच जुना आहे. १९७३ साली बीएमडब्ल्यूने आपली ३.० सीएसएल गाडी विकली, तेव्हा जर्मनीत रस्त्यावर चालणार नाही म्हणून मोठा पंख डिकीत ठेवून दिला होता, ज्याने त्याने ट्रॅकवर गेल्यावर बसवावा. आम्हीही तेच करायचं ठरवलं आहे. नुसत्या चार नटांचं काम आहे, दहा मिनिटं लागतात.

पंख सध्या आमच्या माळ्यावर असतो. ट्रॅकवर जायच्या आदल्या रात्री तेवढा तो खाली गाडीला लागतो, आणि त्या रात्रीपुरते त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना मी स्वतः टेनिसचे चेंडू चिरून बसवतो. हिरवे आहेत, अंधारात दिसतात.